अनिशिनाबे समुदायात कुटुंबांसाठी कार्यक्रम चालवताना: नव्या समन्वयकासाठी वाटाड्या

कॅनडात सोशल वर्क किंवा बालशिक्षणाचा कोर्स करून उत्तर ऑन्टारियोत नोकरी धरणारी मराठी मंडळी मला अधूनमधून भेटतात. पदाचं नाव फॅमिली वेलनेस कोऑर्डिनेटर, नोकरी एखाद्या फर्स्ट नेशनच्या, म्हणजे मूळनिवासी समुदायाच्या, आरोग्य केंद्रात, आणि जाहिरातीत एक ओळ ठरलेली: कार्यक्रम समुदायाच्या संस्कृतीत रुजलेले हवेत. या ओळीपाशी नवा माणूस अडतो. आपण त्या संस्कृतीतले नाही, मग तिच्यात रुजलेला कार्यक्रम आपण कसा चालवायचा?

चालवता येतो. मात्र पहिल्या दिवसापासून एक गोष्ट पक्की धरा. शिकवणारे तिथलेच लोक असतात. गाडी, जेवण, खोली, पैसा आणि कागद आपल्याकडे. या कामाला कमी लेखू नका. ते नीट झालं नाही तर फार मोठ्या जाणकार आजीही रिकाम्या खोलीत बसून परत जातात. पुढे जे लिहिलंय ते लेक ह्युरॉनमधल्या मॅनिटूलिन बेटावरच्या कामातून आलेलं आहे. थंडर बे किंवा केनोराकडे काम करणाऱ्यांनी तिथल्या रीतीप्रमाणे बदल करून घ्यावेत, कारण प्रत्येक समुदायाची रीत वेगळी असते.

१. कुठे चाललोय ते आधी समजून घ्या

ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी आणि त्यांचे भाऊबंद मिळून अनिशिनाबे. ग्रेट लेक्सच्या भोवताली, कॅनडा-अमेरिका सीमेच्या दोन्ही अंगांना यांची वस्ती आहे. तुम्ही जिथे रुजू होणार त्या समुदायाचा ब्रिटिश राजसत्तेशी झालेला जमिनीचा करार कोणता, हे जाण्याआधी वाचा. केनोरा भागात १८७३ चा तिसरा करार, थंडर बे भागात १८५० चा रॉबिन्सन-सुपीरियर करार. मॅनिटूलिनवर १८६२ चा करार झाला, पण बेटाच्या पूर्वेकडच्या वीक्वेमकूंगने त्यावर सही केली नाही. आजही तो समुदाय आपली भूमी कधीही न सोडलेली म्हणून ओळखतो, आणि तिथल्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. तुम्हालाही ठाऊक असायला हवं.

दुसरा भाग जड आहे, तरी टाळू नका. मूळनिवासी मुलांना घरापासून आणि भाषेपासून तोडण्यासाठी सरकार आणि चर्चने चालवलेल्या निवासी शाळांमध्ये दीड लाखांहून जास्त मुलं नेली गेली. मॅनिटूलिनची कितीतरी मुलं पलीकडच्या किनाऱ्यावरच्या स्पॅनिश गावातल्या शाळांत गेली. इंडियन ॲक्ट या मूळनिवासींसाठीच्या केंद्रीय कायद्यातली समारंभांवरची बंदी १९५१ पर्यंत टिकली. त्यानंतरच्या दशकांत बालकल्याण खात्याने मुलं उचलून परक्या घरांत दिली. २०२१ च्या जनगणनेत कॅनडातल्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये मूळनिवासी मुलं ७.७ टक्के होती, आणि फॉस्टर घरांत, म्हणजे आईबापांपासून काढून दुसऱ्यांकडे सांभाळायला दिलेल्या मुलांमध्ये, ५३.८ टक्के.

हे आकडे पाठ असण्यापेक्षा त्यांचा अर्थ खोलीत दिसायला हवा. एखादी आई दाराजवळच्याच खुर्चीवर का बसते, एखादे आजोबा स्वतःच्या नातवाशी त्यांच्या भाषेत बोलताना का अडखळतात, याचं कारण तिथे आहे. म्हणून 'पालकत्व कौशल्य' शिकवणारा बाहेरचा तयार अभ्यासक्रम घेऊन जाऊ नका. ज्यांच्याकडून आईबाप हिरावले गेले त्यांनाच आईबाप कसं व्हावं याचे धडे परक्याने द्यायचे, हे कोणाला रुचेल?

२. कागदपत्रं आणि तयारी

यातल्या बऱ्याच गोष्टींना वेळ लागतो. नेमणूकपत्र हातात येताच सुरुवात करा.

- पोलिसांकडून व्हल्नरेबल सेक्टर चेक, म्हणजे मुलं आणि दुर्बल लोकांसोबत काम करणाऱ्यांची तपासणी. काही ठिकाणी बोटांचे ठसे मागतात, त्यात आठवडे जातात. नव्याने आलेल्यांकडे भारतातलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागू शकतात.
- ऑन्टारियोचा गाडी चालवण्याचा परवाना. विम्यात कामासाठी इतरांना गाडीतून नेण्याची सोय आहे का, ते एजंटकडून लेखी घ्या.
- लहान मुलांच्या कार सीट आणि बूस्टर. ऑन्टारियोत मूल आठ वर्षांचं, ३६ किलोचं किंवा १४५ सेंटीमीटर उंचीचं होईपर्यंत बूस्टर लागतो.
- प्रथमोपचार आणि सीपीआर, अन्न हाताळणीचं प्रमाणपत्र.
- आत्महत्येच्या विचारात असलेल्या माणसाशी कसं बोलावं याचं दोन दिवसांचं असिस्ट प्रशिक्षण, आणि अफूजन्य अमली पदार्थांच्या अतिसेवनावर द्यायच्या औषधाचं, नॅलोक्सोनचं, किट वापरता येणं. किट फुकट मिळतं; एक गाडीत, एक स्वयंपाकघरात.
- फर्स्ट नेशन्स इन्फर्मेशन गव्हर्नन्स सेंटरचा ओकॅप तत्त्वांवरचा कोर्स. का, ते नवव्या टप्प्यात येईल.
- हिवाळी टायर, फावडं, जाड हातमोजे. हे कागद नसले तरी यादीत असू द्या.

३. परवानगी कोणाची आणि कोणत्या क्रमाने

तुमचे वरिष्ठ बहुधा आरोग्य संचालक असतात, त्यांच्या वर चीफ आणि कौन्सिल, म्हणजे समुदायाचा प्रमुख आणि त्याचं मंडळ (यालाच बँड कौन्सिल म्हणतात). बाहेरच्या निधीसाठी अर्ज करायचा तर अनेकदा बँड कौन्सिलचा ठराव जोडावा लागतो. ग्रामपंचायतीच्या ठरावासारखाच तो सभेच्या वेळापत्रकावर चालतो, त्यामुळे अर्जाची मुदत शुक्रवारी आणि तुम्ही ठराव मागायला बुधवारी, असं जमणार नाही. सभा कधी आहे हे कौन्सिलच्या कार्यालयातून आधीच विचारून ठेवा.

कागदावरची ही शिडी झाली. दुसरी शिडी कागदावर नसते. भाषा कोण शिकवतं, अग्नी कोण सांभाळतं, कोणत्या घरच्या बायका पाण्याचे विधी करतात, हायस्कूलची पोरं कोणाचं ऐकतात, हे कळायला वेळ लागतो. त्यासाठी एक छोटं सल्लागार मंडळ बांधा: दोन-तीन आज्या-आजोबा, एक तरुण आई, एक तरुण बाप, डेकेअरमधली एक बाई. त्यात एकाच घराण्याची माणसं भरू नका. छोट्या समुदायात हा सापळा हमखास असतो. ज्यांच्याशी पहिली ओळख झाली त्यांच्याच नातलगांचा कार्यक्रम होऊन बसतो आणि बाकीचे फिरकत नाहीत.

४. एल्डरकडे जाताना

वयाने मोठा असलेला प्रत्येक माणूस एल्डर नसतो. समुदायाने ज्यांच्या ज्ञानाला मान दिला ते एल्डर. एकाकडे औषधी वनस्पतींचं ज्ञान असतं, दुसरीकडे भाषेचं, तिसऱ्याकडे नाव ठेवण्याच्या विधीचं. तेव्हा कोणाला काय विचारायचं हे सल्लागार मंडळाला विचारून ठरवा.

विनंती करताना तंबाखू देतात. तंबाखू म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते पूर्ण बाजूला ठेवा. अनिशिनाबे परंपरेतल्या चार पवित्र वनस्पतींपैकी ती पहिली. बाकीच्या सीडर, सेज आणि स्वीटग्रास. चिमूटभर सुटी तंबाखू कापडाच्या लहान पुरचुंडीत बांधतात. कापडाचा रंग कोणता, हेही विचारा. समोर बसा, कशासाठी आलात ते सांगा, आणि मग पुरचुंडी हातात द्या. त्यांनी घेतली म्हणजे विनंती स्वीकारली. नाही घेतली, तर आभार मानून निघा. कारण विचारू नका, दुसऱ्यांदा आग्रह करू नका. हे सगळं काम करून घेण्याआधी करायचं असतं. कार्यक्रम संपल्यावर घाईघाईने हातात कोंबलेली तंबाखू म्हणजे न केलेली विनंती.

मानधन ही वेगळी गोष्ट आहे. तंबाखू आणि मानधनाचं पाकीट एकत्र देऊ नका. मानधन त्याच दिवशी मिळेल अशी सोय करा. आर्थिक विभाग 'चेक तीन आठवड्यांनी' म्हणाला तर आधीच भांडून तोड काढा, कारण सत्तरी ओलांडलेल्या बाईला आपल्या पैशासाठी दोनदा फोन करायला लावणं लाजिरवाणं आहे. करासंबंधी काय नोंदवायचं तेही आर्थिक विभागाकडून आधी समजून घ्या, म्हणजे त्या दिवशी फॉर्म पुढे सरकवावे लागणार नाहीत.

त्यांना घरून आणणं, परत पोचवणं, सोबत मदतनीस असेल तर त्याचंही जेवण आणि मानधन, हे सगळं तुमच्याकडे. मधुमेह असेल तर जेवणाची वेळ पाळा.

अजून एक. सगळीच घरं तंबाखू देत-घेत नाहीत. वीक्वेमकूंगमध्ये जेझुइट मिशन एकोणिसाव्या शतकापासून आहे, अनेक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक आहेत, आणि कित्येक घरांत रोझरीची जपमाळ आणि स्मज (पवित्र वनस्पती जाळून धुराने शुद्धी) दोन्ही चालतात. कोण 'खरा पारंपरिक' हे ठरवायला आपल्याला कोणी बोलावलेलं नाही.

५. वर्षाचं वेळापत्रक ऋतूंवरून बांधा

निधी देणारे तिमाही आराखडा मागतात. तुम्ही आधी ऋतूंचा आराखडा काढा आणि मग त्यावर तिमाह्या बसवा.

मार्च-एप्रिलमध्ये, रात्री गोठणारी थंडी आणि दिवसा शून्याच्या वर पारा, असं सुरू झालं की मेपलचा रस वाहतो. सुमारे ४० लिटर रस आटवून एक लिटर सिरप होतं, म्हणजे दिवसभर अग्नीजवळ बसायचं काम. कुटुंबांसाठी यापेक्षा चांगला कार्यक्रम मला सापडलेला नाही. आजोबा झाडाला भोक पाडतात, पोरं बादल्या ओततात, बापलोक लाकडं फोडतात, आणि ज्या गोष्टी सभागृहात वर्तुळ करून बसवलं तरी कोणी बोलत नाही त्या तिथे कढईकडे बघत सहज बोलल्या जातात.

पण इथेच मोठा सापळा आहे. सरकारी आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, आणि रस कधी वाहील हे कोणी सांगू शकत नाही. सगळा खर्च एकाच वर्षात टाकलात तर अर्धा हंगाम बिनपैशाचा जातो. बादल्या, नळ्या, कढया, गाळणी फेब्रुवारीतच घ्या. मानधन, जेवण आणि पेट्रोल दोन्ही वर्षांच्या अंदाजपत्रकात थोडंथोडं धरा.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्चची साल सहज सुटते, तेव्हाच ती काढून ठेवतात. जुलै-ऑगस्टमध्ये ब्लूबेरी आणि पॉववॉव, म्हणजे ड्रम आणि नाचांचा सामुदायिक मेळा. वीक्वेमकूंगचा मोठा उत्सव ऑगस्टच्या पहिल्या लाँग वीकेंडला असतो. त्या आसपास दुसरं काहीही ठेवू नका. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा जंगली तांदळाचा, म्हणजे मनोमिनचा काळ. लेक ऑफ द वुड्सकडे असाल तर तो हंगाम धरूनच चाला. शरदात मूस या मोठ्या हरणाची शिकार. त्या आठवड्यांत बापमंडळी जंगलात असतात, म्हणून वडिलांसाठीचं सत्र तेव्हा लावू नका. ३० सप्टेंबरला निवासी शाळांची आठवण. त्या दिवशी आनंदमेळा नको, आणि बाहेरच्या पाहुण्यांपुढे एल्डरना साक्ष द्यायला लावणंही नको.

अनिशिनाबे कथांमधला खोडकर नायक नानाबुश, त्याच्या कथा जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या. एका अर्जाच्या नमुन्यात मी 'कथाकथन: जून' असं छापलेलं पाहिलं आहे. तिथल्या आजीला असं विचारलंत तर ती नम्रपणे नाही म्हणेल आणि पुन्हा बोलावल्यावर विचार करील. कथा डिसेंबर ते फेब्रुवारी. ४ जानेवारीला रिबन स्कर्ट दिवस (रिबिनी शिवलेल्या पारंपरिक घागऱ्यांचा) असतो, त्याआधीच्या आठवड्यांत शिवणयंत्रं मांडली तर आयामुली स्वतःहून येतात.

६. एक संध्याकाळ कशी उभी करायची

उदाहरण म्हणून साळिंदराच्या काट्यांचं काम घेऊ. बर्चच्या सालीवर काट्यांनी नक्षी भरलेल्या डब्यांसाठी मॅनिटूलिन प्रसिद्ध आहे, आणि शिकवू शकणारे हात अजून बेटावर आहेत.

वार ठरवताना बिंगो आणि हॉकीचं वेळापत्रक पाहा. हे थट्टेचं नाही, अर्धं गाव तिथे असतं. व्हॅनच्या फेऱ्या संध्याकाळी साडेचारला सुरू. लोक निवांत येतील, ते चालतं. व्हॅन मात्र दिलेल्या वेळी दारात हवी.

आधी जेवण. एखादं मोठं माणूस प्रार्थनेने सुरुवात करतं, पितरांसाठी एक ताटली वेगळी काढली जाते, मग तरुण पोरं मोठ्यांना वाढतात, नंतर बाकीचे घेतात. मक्याचं सूप, व्हाइटफिश मासा, बॅनक (साधा जाड पाव), बेरी. शिकारीचं मांस वाढायचं तर आरोग्य केंद्राच्या पर्यावरण आरोग्य अधिकाऱ्यांशी आधी बोलून घ्या. उरलेलं घरी न्यायला डबे ठेवा. ते भरपूर शिजवा. महिनाअखेरीला त्या डब्यांना फार किंमत असते.

स्मज करायचं असेल तर इमारत सांभाळणाऱ्याला आधी कळवा, नाहीतर धुराचा अलार्म वाजून अग्निशमनची गाडी येते. ऑन्टारियोच्या धूम्रपानविरोधी कायद्यात पारंपरिक वापरासाठी वेगळी तरतूद आहे, तेव्हा 'इथे परवानगी नाही' असं कोणी म्हटलं तर चौकशी करा. दम्याची माणसं, तान्ही बाळं, ज्यांना नको ते, सगळ्यांना बाहेर थांबायची मोकळीक असावी.

आता काम. काटे जाडीप्रमाणे आधीच निवडून ठेवलेले, कोमट पाण्यात भिजवून मऊ केलेले. शिकवणाऱ्या मावशी आरीने सालीला बारीक भोक पाडतात, काट्याचं टोक त्यातून आत घालतात, मागून ओढतात आणि आतल्या बाजूला दुमडतात. दुसरं टोक पुढच्या भोकात. एक फूल भरायला संध्याकाळ जाते. काट्याच्या टोकाला बारीक उलटे अडकवे असतात, ते कातडीत शिरलं की सहज निघत नाही. म्हणून कापलेली टोकं झाकणाच्या डब्यात टाका, आणि रांगणाऱ्या बाळांचा कोपरा खोलीच्या पलीकडच्या टोकाला मांडा. त्या कोपऱ्यात एक पगारी माणूस हवाच. नाहीतर आईचा सगळा वेळ बाळामागे पळण्यात जातो आणि ती पुढच्या वेळी येत नाही.

पोरं पळतील, ओरडतील. त्यांना गप्प करू नका. मोठ्यांना त्याचं काही वाटत नाही. शेवटी वर्तुळ असेल तर बोलण्याची पाळी घड्याळाच्या दिशेने फिरते. हातात पीस किंवा दगड असलेला माणूसच बोलतो. तो बराच वेळ गप्प राहिला तरी मधली जागा भरू नका. आपल्याकडे चार माणसं एकदम बोलतात, त्यामुळे हे जमायला सराव लागतो.

बाप येत नाहीत ही सर्वत्र तक्रार. हत्यार हातात लागेल असं काम ठेवा: ड्रम बांधणं, मासे धुरावणं, जाळी दुरुस्त करणं. 'वडिलांसाठी चर्चासत्र' असं पत्रक लावलंत तर रिकाम्या खुर्च्या मोजाल.

७. पैसा

अंदाजपत्रकात जेवण, तंबाखू, कापड, पेट्रोल, मुलं सांभाळणारी व्यक्ती आणि मदतनिसांचं मानधन स्वतंत्र ओळींवर लिहा. 'इतर' या ओळीत दडवलेलं पहिल्यांदा कापलं जातं.

एखाद्या मुलाला वाचादोषासाठी उपचार, व्हीलचेअर किंवा शाळेत मदतनीस लागत असेल तर तो खर्च कार्यक्रमातून भागवू नका. जॉर्डन्स प्रिन्सिपलखाली, म्हणजे फर्स्ट नेशनच्या मुलाला सेवा आधी द्यायची आणि खर्च कोणाचा हे नंतर ठरवायचं या नियमाखाली, अर्ज करायला कुटुंबाला मदत करा. नॉर्वे हाउस क्री नेशनचा जॉर्डन रिव्हर अँडरसन पाच वर्षांचा होऊन २००५ मध्ये रुग्णालयातच वारला, कारण त्याच्या घरच्या सेवेचा खर्च केंद्राने करायचा की प्रांताने, हा वाद मिटला नाही. त्याच्या नावाचा हा नियम आहे. २०२५ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने निकष कडक केले, म्हणून जुना भरलेला अर्ज नमुना म्हणून वापरू नका. डॉक्टर किंवा शिक्षकाचं पत्र आधी मिळवा. समुपदेशन आणि वैद्यकीय प्रवासासाठी नोंदणीकृत सदस्यांना नॉन-इन्शुअर्ड हेल्थ बेनिफिट्स ही केंद्र सरकारची योजना आहे.

८. बालसंरक्षण: इथे सगळ्यात जपून

पहिल्याच भेटीत कोणीतरी विचारेल: तुम्ही चिल्ड्रन्स एडच्या (मुलं काढून घेऊ शकणाऱ्या बालसंरक्षण संस्थेच्या) का? उत्तर स्पष्ट द्या. नाही, मी आरोग्य केंद्राची. पण त्याच दमात पुढचंही सांगा: ऑन्टारियोच्या २०१७ च्या बाल, युवा आणि कुटुंब सेवा कायद्यातल्या कलम १२५ प्रमाणे सोळा वर्षांखालच्या मुलाला धोका आहे अशी वाजवी शंका आली तर मला स्वतः कळवावं लागतं, ते मी दुसऱ्यावर ढकलू शकत नाही. हे पहिल्या दिवशी ऐकलेलं लोक समजून घेतात. प्रसंग आल्यावर कळलं तर त्यांना फसवणूक वाटते, आणि ती भावना चुकीची नसते.

गरिबी आणि हेळसांड यांत गल्लत करू नका. घरात फ्रिज रिकामा आहे, एका खोलीत सहाजण झोपतात, ही घरांच्या टंचाईची खूण आहे. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या, मूळनिवासी मुलांविषयीच्या केंद्रीय कायद्यात केवळ गरिबी किंवा अपुऱ्या घरामुळे मूल काढून घेता येत नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. प्रतिबंधक मदतीला प्राधान्य, आणि मूल हलवावंच लागलं तर आधी आईबाप, मग नात्यातले, मग त्याच समुदायातले, असा क्रम आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो कायदा उचलून धरला. त्याची पानं छापून जवळ ठेवा.

गरोदर बाया कार्यक्रमाला येताना बिचकतात. ऑन्टारियोत बाळंतपणाआधीच एखाद्या आईविषयी रुग्णालयांना 'सावध' करणारे बालकल्याण संस्थांचे बर्थ अलर्ट ऑक्टोबर २०२० मध्ये बंद करायला लावले, पण ज्यांनी ते भोगलं त्या आज आज्या आहेत आणि लेकींना सांगतात. त्यांना घाई करू नका.

काही पालकांना बालकल्याण एजन्सीने 'उपस्थितीचं पत्र' आणायला सांगितलेलं असतं. पत्रात फक्त तारखा लिहा. कोण काय बोललं, कोण रडलं, कोण उशिरा आलं, यातलं काहीही नको. आणि पत्र त्या पालकाच्या हातात द्या, एजन्सीला परस्पर पाठवू नका. मॅनिटूलिनवर किना ग्बेझगोमी, थंडर बेकडे डिलिको, फोर्ट फ्रान्सिसकडे वीची-इत-ते-विन या मूळनिवासींच्याच संस्था आहेत आणि त्यांच्याशी चांगले संबंध हवेत. तरीही त्यांचा माणूस सत्रात येणार असेल तर कुटुंबांना आधी विचारा.

९. नोंदी आणि अहवाल

ओकॅप म्हणजे माहितीची मालकी, नियंत्रण, पाहण्याचा हक्क आणि ताबा, चारही समुदायाकडे. व्यवहारात याचा अर्थ असा: सर्वेक्षणाचा नमुना आधी सल्लागार मंडळाला दाखवा, भरलेले फॉर्म केंद्रातच ठेवा, तुमच्या लॅपटॉपवर किंवा विद्यापीठातल्या ओळखीच्या संशोधकाकडे काही पाठवू नका, आणि अहवाल निधीदात्याकडे जाण्याआधी समुदायाला वाचायला द्या. विधींचे, अग्नीचे, पाइपचे (विधीतल्या पवित्र चिलमीचे) फोटो काढायचे नाहीत. पॉववॉवमध्ये निवेदक सांगेल तसं. मुलांच्या फोटोसाठी पालकांची लेखी संमती घ्या, आणि फॉस्टर घरातल्या मुलाचा फोटो मुळीच नको.

१०. गावात मृत्यू झाला तर

सगळं थांबवा. अनेक ठिकाणी चार दिवस पवित्र अग्नी पेटता ठेवतात, लोक आळीपाळीने बसतात. तुमचं सत्र रद्द, हे कोणी सांगायची वाट पाहू नका. व्हॅन, मोठी भांडी आणि कॉफीचे थर्मास हवेत का, ते घरच्यांच्या जवळच्या माणसाला विचारा. अहवालात 'समुदायातील निधनामुळे पुढे ढकललं' एवढी ओळ पुरते.

तरुण मृत्यू असेल तर नंतरचे आठवडे नाजूक असतात. होप फॉर वेलनेस ही चोवीस तासांची मदतवाहिनी आहे, १-८५५-२४२-३३१०. नंबर सूचनाफलकावर लावाच, पण स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही लावा, कारण तिथे तो कोणाच्या नजरेशिवाय टिपून घेता येतो.

११. आपल्या काही मराठी सवयी

स्मज पाहिलं की 'आमच्याकडेही धूप घालतात' असं ओठावर येतं. पहिले काही महिने ते ओठावरच राहू द्या. साम्य खरं असेल तर तिथली माणसं स्वतः विचारतील.

ओळख करून देताना नाव, घर, गाव सांगा. 'मी कोल्हापूरची, पंचगंगेच्या काठची' हे त्यांना तुमच्या पदवीपेक्षा जास्त सांगून जातं. कुळाची ओळख मात्र त्यांची आहे, तिची नक्कल करू नका. वाकून पाया पडायचं टाळा, समोरची व्यक्ती अवघडते. हळुवार हस्तांदोलन आणि 'मीग्वेच' (आभार) पुरे.

शाकाहारी असाल तर स्वयंपाक करणाऱ्यांना आधी शांतपणे सांगा. बॅनकमध्येही चरबी असू शकते, तेव्हा विचारून घ्या. मूसच्या मांसाकडे बघून तोंड वाकडं करायचं नाही. ते कोणीतरी थंडीत दिवस घालून आणलेलं, वाटून खायचं अन्न आहे. तुमचा मसालेभात जास्तीचा पदार्थ म्हणून न्या, आवडतो.

पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी पाइप, ड्रम किंवा काही विधींपासून लांब राहावं अशी रीत अनेक समुदायांत आहे. तिथे तो काळ स्त्रीच्या सामर्थ्याचा मानतात. बाजूला बसवलं जाण्याच्या आठवणी घेऊन आलेल्या आपल्यासारखीला हे टोचू शकतं. वाद सत्रात घालू नका. एखाद्या आजीला आधी एकटीने विचारा, आणि तिने सांगितलेले शब्दच सूचनेत वापरा. घरोघर मतं वेगळी आहेत, तरुण मुली आपसात यावर बोलतात. तो संवाद त्यांचा आहे.

१२. सोपवण्याची फाइल

रुजू झाल्यापासूनच एक फाइल ठेवा, कारण ही जागा समुदायातल्याच कोणाकडे जावी हे चांगलं. मदतनिसांत एखादी तरुण मुलगी हुशारीने कामं उचलताना दिसली की तिला निधीचे अर्ज भरायला शेजारी बसवा आणि तिच्या प्रशिक्षणाचा खर्च अंदाजपत्रकात धरा.

फाइलमध्ये एवढं असावं: ऋतूंचं वेळापत्रक, कौन्सिलच्या सभांच्या तारखा, संमती दिलेल्या शिकवणाऱ्यांची यादी, कोणाला काय खाता येत नाही, कोणाला घरून आणावं लागतं, काटे आणि साल कोणाकडून घेतली, व्हॅनच्या किल्ल्या कुठे, कोणत्या कथेला कोणता महिना. आणि कोणाचं मानधन द्यायचं राहिलं असेल तर ती यादी पहिल्या पानावर लावा.